निजायचा छकडा

तात्या,

आज सकाळी देवी टोचणारे एक डॉक्टर नौपाड्यातल्या आपल्या कारखान्यातून नवा छकडा घेऊन गेले. गावोगाव फिरायची त्यांची नोकरी. मुक्कामाला कुठे ओसरी मिळते, कुठे तीही मिळत नाही. बैल जोडण्याआधी ते जोडे काढून आत चढले, दोन्ही बाजूंच्या बैठका मधोमध ओढल्या, मागचं फळकं पाडलं आणि पाय लांब करून आडवे झाले. वरच्या कामट्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "ही युक्ती मुळात कोणाची हो?" मी म्हणालो, "वडिलांची." त्यांना ऊन चढायच्या आत निघायचं होतं, म्हणून तेवढ्यावरच थांबलो. पण ते गेल्यावर माझा हात काही कामाला लागेना. म्हटलं, ज्याची युक्ती त्यालाच सगळं सांगावं. तुम्हाला त्यातलं बरंचसं ठाऊकच आहे. माझ्या बाजूने ते कसं दिसलं, हे मात्र मी कधी तुमच्यापाशी बोललो नाही.

मी तेव्हा जंगलखात्यात होतो. सुताराचं पोर सागाच्या चोरांमागे धावतंय, म्हणून तुम्ही हसायचात, पण खात्याचा पट्टा लावून मी दारातून बाहेर पडलो की शेजारी बघतात ना, हेही पाहून घ्यायचात. खात्यामुळे बंदुकीचा परवाना मिळाला, आणि बंदुकीमुळे चांदमारीचं वेड लागलं. हिवाळ्यात साहेबलोकांचे तंबू तालुक्यांतून फिरत, आणि मोठ्या मुक्कामाच्या गावी शर्यत लागे. शंभर पावलांवर पांढरी फळी, तिच्यावर काळा चांद, माणशी पाच गोळ्या. परवाना असेल त्याने उतरावं. माझा नेम चांगला होता, त्यात विनय दाखवायचं कारण नाही. आणि तो कुठून आला हेही मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी तुम्ही रंधा मारलेली फळी माझ्या गालाला लावायचात, एक डोळा मिटायला सांगायचात आणि विचारायचात, कड कुठे उचललीय? मी बोट ठेवी तिथे तुमचा रंधा फिरे. पुढे बंदूक खांद्याला लावली तेव्हा मला नवं असं काही शिकावं लागलंच नाही.

तरी भिवंडीला मी शेवटचा आलो. कोळ्याच्या होडीतून खाडी ओलांडली, उरलेली वाट चाललो आणि धर्मशाळेत पथारी टाकली. ढेकूण, बैलबाजाराला आलेल्या लोकांची भांडणं, उशाशी कोणाची तरी शेळी. सकाळी मैदानात उभा राहिलो तर जागरणाने डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. पहिला बार उडालाच नाही, दारू सर्द झाली होती. उरलेल्या चारांपैकी एकच गोळी चांदाला लागली, बाकीच्या फळीवर लागल्या की आभाळात गेल्या ते बघायला मी थांबलो नाही.

घरी आलो त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी जेवायला बसला आहात, आई भाकरी थापते आहे. मी दारातूनच ढेकणांची, शेळीची, धर्मशाळेची तक्रार सुरू करतो. तुम्ही ऐकून घेता. मग हात धुता, माझ्या खांद्यावरची बंदूक काढून घेता आणि नळीवरून अंगठा फिरवता. अंगठ्याला तांबूस गंज लागतो. शर्यतीचं तुम्ही एका शब्दानेही विचारत नाही.

"हत्यार कुठे ठेवलं होतंस?"

"भिंतीला टेकवून."

"भिंत ओली होती?"

मी जोडे काढायला वाकलो.

"माणूस उपाशी निजला तर चालतं. हत्यार ओलं निजता कामा नये. एवढं कळत नसेल तर तू ना सुतार, ना बंदूकवाला."

पानात अर्धी भाकरी तशीच टाकून तुम्ही खोबरेलाची वाटी घेतलीत आणि ती नळी पुसत बसलात. मी तेवीस वर्षांचा, खात्याचा पट्टा कमरेला, आणि मला रडू कोसळेल की काय असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला परसात नेलंत. तिथे तो छकडा पडला होता. नौपाड्यातल्या एका वकिलाने करायला सांगितला, आणि पुरा होता होता त्याचं मन टांग्यावर गेलं, म्हणून राहून गेलेला. लहानसा, हलका, दोन जणांच्या बैठकीचा. तुम्ही चाकाला लाथ मारून म्हणालात, "यात निजता येईल असं करू. बंदूक कोरडी राहील. तूही राहशील, तिच्या जोडीने."

ते काम आपण महिनाभर केलं. मी खात्यातून परतलो की दिवस मावळेपर्यंत. छकडा तीन हात लांब आणि मी चार हातांना थोडा कमी. तेव्हा मागचं फळकं बिजागरीवर टांगायचं, प्रवासात उभं राहील, निजताना आडवं पडेल आणि खालून दोन पाय त्याला आधार देतील. बैठकांच्या फळ्या खाचेतून सरकतील आणि मधे येऊन एकमेकींना भिडतील. त्यांच्या पोटात घोंगडीचं अस्तर लावलेली लांबट पेटी बंदुकीसाठी, आणि दारूच्या शिंगासाठी तिच्यातच झाकणाचा वेगळा कप्पा. वर बांबूच्या कामट्यांची कमान, तिच्यावर मेणकापड. बैल सोडले की छकडा नाकावर पडतो, म्हणून पुढे दोन टेकू, आणि त्या टेकूंना वरखाली भोकं, म्हणजे उतारावरही बिछाना समतल बसावा. समतल आहे की नाही हे तुम्ही पाण्याने भरलेली परात मधोमध ठेवून बघायचात. म्हणजे मला बघायला लावायचात. त्यात मला आधी काही वावगं वाटलं नाही.

मग तो दिवस आला. गेरूत बुडवलेल्या दोरीने मी फळीवर रेघ मारून दिली, तुम्ही पटाशी लावलीत आणि खाच रेघेपासून चांगली बोटभर बाजूला पडली. तुमच्या हातून. मी आयुष्यात तुमची खाच केसभर चुकलेली पाहिली नव्हती. मला वाटलं, चेष्टा करताहात. तुम्ही मात्र खाचेतून बोट फिरवलंत, मग रेघ शोधावी तसं फळीवरून फिरवलंत, आणि बोटाला गेरू लागेना तेव्हा पटाशी खाली ठेवलीत.

"दोन दिवाळ्या झाल्या," तुम्ही म्हणालात. "सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतं."

आईला ठाऊक आहे का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, तिला सांगितलेलं नाही, पण हल्ली ती मिठाची वाटी पुढे सरकवत नाही, मीठ पानातच वाढते. म्हणजे ठाऊक असणार. मग तुम्ही मला बजावलंत की बाहेर अक्षर निघता कामा नये. भाताच्या व्यापाऱ्याच्या दोन गाड्या सांगून ठेवल्या होत्या, आणखी एकाची दुरुस्ती यायची होती. आंधळ्या सुताराकडे चाक कोण देईल? मी मान हलवली, आणि मान हलवलेली तुम्हाला दिसली की नाही या विचाराने मोठ्याने "हो" म्हणालो. त्यानंतर रेघ मी मारायची, पटाशीचं टोक मी रेघेवर आणून ठेवायचं, आणि घाव तुम्ही घालायचा. घाव कधी चुकला नाही. उरलेला छकडा आपण असा केला, आणि ते सांधे, तात्या, आजही माझ्या कामापेक्षा घट्ट आहेत.

पुढची शर्यत पनवेलला. तुम्ही येणार म्हणालात. आईने हरकत घेतली तेव्हा म्हणालात, "नवं लाकूड रस्त्याला लागलं की बोलतं. ते ऐकायला मी पाहिजे." डोंबिवलीची भातखाचरं कापून मोकळी झाली होती, वाट कोरडी होती. मी बैल हाकतोय, तुम्ही मागे डोकं फळीला टेकवून बसलाय, आणि दर थोड्या वेळाने सांगताय, डावी बिजागरी कुरकुरतेय, तेल दे. ती खुंटी सैल नाही, तुझी डब्याची साखळी वाजतेय. शीळच्या पुढच्या चढाला मात्र तुम्ही एकदम "थांब" म्हणालात. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. उतरून पाहिलं तर मागच्या फळक्याची खीळ निम्मी बाहेर आलेली. आणखी चार धक्के बसले असते तर फळकं रस्त्यावर आणि पेटी त्याच्यामागोमाग. तुम्ही बाभळीची पाचर ठोकलीत, वर बसलात आणि म्हणालात, "चल आता." मला तुमचा तेव्हा इतका अभिमान वाटला की तुम्ही आणखी काय काय ओळखता ते ऐकायला मी पुढची कितीतरी वाट मुद्दाम खड्ड्यांतून हाकली.

पनवेलच्या मैदानात आपल्या छकड्याभोवती गर्दी जमली. घर पाठीवर घेऊन गोगलगाय आली, असं कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मीही हसलो. माझी बंदूक कोरडी होती. बार उडवायची पाळी आली तेव्हा तुम्ही माझ्या मागे दहा पावलांवर काठी टेकून उभे होता. फळी तुम्हाला दिसत नव्हती, गोळी कुठे लागली ते सांगायला फळीखालच्या खड्ड्यातला माणूस हलवतो ते निशाणही दिसत नव्हतं, तरी चेहरा तिकडेच होता. पहिली चांदाला, दुसरी चांदाला. तिसरी सुटली आणि निशाण वर यायच्या आधीच तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ही घाईत गेली." ती खरंच कडेला लागली होती. मी एक श्वास घेतला, तुम्ही फळीच्या कडेवर बोट ठेवायला लावायचात तसा थांबलो, आणि उरलेल्या दोन्ही चांदात बसवल्या. पाचही बसवणारे एक पेन्शनीतले सुभेदार पहिले आले, मी दुसरा. शेवटच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर एका हिवाळ्यात येणारा त्या मैदानात मी एकटाच होतो.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. शर्यतीचा मांडव ज्यांनी घातला होता ते इनामदार छकडा बघायला आले. स्वतः आत निजले, टेकूंची भोकं मोजली, पेटी उघडझाप केली. मग कारागीर कोण म्हणून विचारलं. मी तुमच्याकडे हात केला. त्यांनी सांगितलं, मला असे दोन हवेत, पाडव्याच्या आत. भोवती पन्नास माणसं उभी होती. दोन गाड्या सांगून ठेवलेला तो कल्याणचा भाताचा व्यापारी त्यांतच होता, तुमच्यापासून हातभर अंतरावर. मी मनात हिशेब बांधला की हो म्हणू, आणि पुन्हा तसंच करू: रेघ माझी, घाव तुमचा, कोणाला काही कळायचं नाही. तेवढ्यात तुम्ही मुंडासं सारखं केलंत.

"सरकार, मला दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "हा छकडा या मुलाच्या डोळ्यांनी झाला. पुढचं त्याला विचारा."

व्यापाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. इनामदारांनी माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहत विचारलं, "तू नक्की कोण रे? जंगलखात्याचा, की सुतार?"

मला तुमचा राग आला होता. तुम्ही एका वाक्यात तुमचा धंदा मोडून ठेवलात आणि माझी नोकरीही पणाला लावलीत, मला न विचारता. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, पण तुम्ही मान मुद्दाम दुसरीकडे वळवली होती. उत्तर माझं मला द्यायचं होतं.

"सुतार," मी म्हणालो. "पाडव्याच्या आधी देतो."

परतीच्या वाटेवर मी धुसफुसत होतो. तळोजं मागे पडल्यावर विचारलं, निदान आधी माझ्या कानावर का नाही घातलंत? तुम्ही काठी मांडीवर आडवी घेतलीत. मग म्हणालात, "झाकायचं म्हणजे रोज एक नवं खोटं लागतं रे. ते घडवायचा माझा हात नाही." व्यापाऱ्याने दोनपैकी एक गाडी काढून घेतली, हे खरं. इनामदारांचे दोन छकडे पाडव्याआधी चार दिवस गेले, हेही खरं. मी राजीनामा दिला. तुम्ही पुढची सात वर्षं कारखान्याच्या दारात बसून लाकडावर बोटाने टकटक करून सांगत राहिलात, हे मुरलंय, हे अजून ओलं, हे परत पाठव. मी मुरबाडला पहिला आलो, शहापूरला दोनदा. तोच छकडा, त्याच बिजागऱ्या. आज माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत आणि लाकूड घेताना मी अजून डोळे मिटून टकटक करतो. ती हसतात, हसू देत.

राहिलं एकच. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुमच्या हयातीत हे पत्र लिहिलं असतं तर ते मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तसं झालं असतं तर पुढचं मी वगळलं असतं. पनवेलच्या शर्यतीच्या सकाळी तुम्ही मला विचारलंत, झोप लागली का? मी म्हणालो, मस्त लागली. तेच आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. तात्या, माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुम्ही खाली चाकांमधे पथारी टाकली होती आणि माझ्या पाठीखालचा एकेक सांधा बोटांनी चाचपत होता. मी न हलता पडून ते ऐकत होतो.