दोनशेला चार कमी

२ ऑगस्ट, सकाळी ७.१०
नवी वही, नवा सीझन. वय चौतीस. काल आमची फिजिओ तिनेके म्हणाली, डावा गुडघा पन्नाशीच्या माणसाचा वाटतो. म्हणजे उजवा उत्तम आहे. मी उजव्या पायाचाच खेळाडू.

एकूण गोल १९६. नॉर्वे, डेन्मार्क, बेल्जियम आणि गेली सहा वर्षं इथे, हॉलंडच्या उत्तर टोकाला, नोर्डरवीनमध्ये. परदेशात दोनशे गोल केलेले स्वीडिश फॉरवर्ड फार नसणार. शोधून बघितलेलं नाही, पण नसणार.

चार हवेत. ऑक्टोबरपर्यंत उरकतील. मग बायकोला, इल्वाला दिलेला शब्द पाळायचा. दोनशे झाले की आपण घरी, स्वीडनमध्ये, ओस्टरसुंदला. इल्वा स्पीच थेरपिस्ट आहे. अडखळणारी मुलं, झटका येऊन वाचा गेलेले म्हातारे, सगळ्यांना बोलतं करायची. परक्या भाषेत ते काम होत नाही, म्हणून इथे ती बेकरीत पाव विकते. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ओस्टरसुंदच्या हॉस्पिटलात जागा निघाली होती. मी म्हटलं, नऊच राहिलेत, होऊ देत. तिने नोकरीला नकार कळवला. समजूतदार आहे.

१७ ऑगस्ट
पहिली मॅच. मी बेंचवर. कोच हारमेनने पुढे कोणाला खेळवावं? वीबेला. वीबे आमचा डिफेंडर. साडेसहा फूट, आयुष्यभर गोल अडवत आलेला. ट्रक रिव्हर्स घ्यावा तसा वळतो. हारमेनला विचारलं, हे काय. म्हणाला, तात्पुरतं आहे रे, आणि खरं सांगू का, सध्या तो तुझ्यापेक्षा जोरात पळतो. इथल्या लोकांची ही सवयच आहे. 'खरं सांगू का' असं विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

वीबेने दोन गोल केले. दोन्ही डोक्याने. त्याला फुटबॉल म्हणायचं का, हा वेगळा विषय.

३० ऑगस्ट
स्वीडनची टीम जाहीर झाली. माझं नाव नाही. आठ वर्षांपूर्वी मी देशासाठी दोनदा खेळलोय, त्यामुळे मला नव्याने तपासायची त्यांना गरज नसावी. ऐनवेळी बोलावतील. फोन चार्जिंगला लावून ठेवला.

१४ सप्टेंबर
संकल्प. पावावर चॉकलेटचे दाणे घालून खाणं बंद. जेवणात ताक. ट्रेनिंगला सायकलने जायचं, वारा असला तरी. गुडघ्याविषयी कोणाशी बोलायचं नाही.

१६ सप्टेंबर
दाणे खाल्ले. पाव मात्र गव्हाचा होता. वाऱ्यामुळे गाडीने गेलो.

२४ सप्टेंबर
१९७. कपची मॅच, समोर शेजारच्या गावातली हौशी टीम. सात-शून्य जिंकलो, सहावा माझा. त्यांचा गोलकीपर एरवी चष्म्याचं दुकान चालवतो. मॅच संपल्यावर त्याने मला कार्ड दिलं. म्हणाला, चेंडू येताना तुम्ही डोळे बारीक करता, एकदा येऊन जा. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच.

२६ ऑक्टोबर
ऑक्टोबर संपत आला. तीन कमी. पण मला खेळायला मिळालेली मिनिटं धरली तर वेग वाईट नाही. नोव्हेंबर हा माझा महिना आहे.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
१९८, पण वाद आहे. मी पेनल्टी बॉक्समध्ये घसरून पडलो होतो. वीबेने शॉट मारला, तो माझ्या पाठीला लागून दिशा बदलून आत गेला. पाठ माझी, गोल माझा. लाउडस्पीकरवर पॉप्के आजोबांनी मात्र वीबेचं नाव घेतलं.

पॉप्के आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे. पोस्टात नोकरी झाली, आता मैदानावर अनाउन्समेंट करतात आणि क्लबच्या प्रत्येक खेळाडूची नोंद कार्डांवर लिहून खोक्यात ठेवतात. मॅच संपल्यावर त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. म्हणाले, पाठ मध्ये नसती तर चेंडू बाहेर गेला असता, तेव्हा तुमचाच. मला भरून आलं. मग म्हणाले, तुमचं कार्ड तसंही अर्धवट आहे, जुन्या क्लबांना पत्रं लिहून पूर्ण करू का? मी म्हटलं, जरूर करा, सगळं नीट कागदावर येऊ दे.

११ डिसेंबर
टुवाच्या शाळेत पालकांची भेट. टुवा नऊ वर्षांची. डच माझ्यापेक्षा चांगलं बोलते आणि दुकानात माझी वाक्यं सुधारते. बाईंनी तिचा निबंध दाखवला. 'माझे बाबा फुटबॉलच्या मैदानावर काम करतात. ते बाकावर बसतात. थंडी असली की त्यांना ब्लँकेट देतात.' बाईंनी विचारलं, तुम्ही तिथे सिक्युरिटीला आहात का? इल्वा इतकी हसली की तिला कॉरिडॉरमध्ये जावं लागलं. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. निबंधावर मी सही केली नाही.

१३ डिसेंबर
जेवताना इल्वाने सांगितलं की ओस्टरसुंदला पुन्हा जागा निघाली आहे, एक जूनपासून, आणि तिने अर्ज केला आहे. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, छानच, तोपर्यंत माझे दोनशे झालेले असतील. ती म्हणाली, टॉर्केल, ते झाले काय आणि न झाले काय. रागात बोलली असावी. आवाज मात्र साधा होता.

१८ जानेवारी
गुडघ्यात इंजेक्शन. तिनेके म्हणाली, हे शेवटचं, यापुढे मी देणार नाही, चाळिशीत जिने चढायचे असतील तर थांब. आम्ही तळमजल्यावर राहतो.

१ फेब्रुवारी
ट्रेनिंगनंतर वीबे आला. म्हणाला, मला पुढे खेळायचं कळत नाही रे, गोल समोर दिसला की भीती वाटते, तू कसं करतोस? तासभर शिकवलं. गोलकीपरकडे बघायचं नाही, जागेकडे बघायचं. चेंडू यायच्या आधी पाय ठरलेला पाहिजे. शिकवताना मजा आली, हे नाकारत नाही. हारमेन कुंपणापाशी उभा राहून बघत होता. जाताना म्हणाला, हे तुला जमतं बरं का. मी म्हटलं, मला गोल करणं जमतं. तो 'हं' म्हणाला.

८ फेब्रुवारी
वीबेने तीन गोल केले. तिसरा अगदी मी सांगितला तसा. लोक त्याच्या नावाने गात होते. मी ब्लँकेट घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी
१९९. पेनल्टी. मारायची वीबेची पाळी होती, पण चेंडू मी आधी उचलला. तो म्हणाला, घे बाबा. घेतली. आता एक. फक्त एक.

२९ मार्च
पाच मॅच झाल्या. मिनिटं एकूण एकतीस. एकदा चेंडू बारला लागला. एकदा मी. इल्वाला नोकरीचं पत्र आलं आहे. तिने ते फ्रिजवर लावलं.

८ एप्रिल, सकाळी ११.३०
पॉप्के आजोबांकडे जाऊन आलो. जे झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे माझ्याच डोक्यात स्पष्ट होईल.

स्वयंपाकघरात बसवलं. एक कॉफी, एक बिस्किट, डबा लगेच बंद. मग कार्ड समोर ठेवलं. म्हणाले, अभिनंदन, २०८. मी म्हटलं, १९९. ते म्हणाले, डेन्मार्कचे नऊ तुम्ही धरत नाही का?

आता हे असं आहे. डेन्मार्कमध्ये असताना मोठ्या क्लबने मला अर्ध्या सीझनसाठी खालच्या डिव्हिजनमधल्या एका खेड्यातल्या क्लबला उसना दिला होता. मैदानाला लागून मेंढ्या चरायच्या. तिथे नऊ गोल केले, पण तो मामला मी कधी मोजला नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? टुवा तिथेच झाली. तिथली भाषा आपल्या भाषेच्या जवळची, त्यामुळे इल्वाला तिथे कामही मिळालं होतं. ते सगळं ठीक. मी फुटबॉलबद्दल बोलतोय.

पॉप्के म्हणाले, क्लब, सामना, मिनिट, सगळ्याचं उत्तर आलंय. मग म्हणाले, तुमचा दोनशेवा केव्हा झाला ते बघा. त्यांनी बोट ठेवलं. गेल्याच्या गेल्या सीझनचा ऑक्टोबर. आपल्याच मैदानावर. आपण चार-एक हरलो, तो एक तुमचा. तुम्ही जाळीतून चेंडू काढून मधल्या रेषेकडे धावत गेलात, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मला तो गोल आठवत नाही. मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

मी म्हटलं, याची अजून नीट तपासणी व्हायला हवी. ते म्हणाले, एकेचाळीस वर्षं पोस्टात काढली मी, तपासणी झालीय.

८ एप्रिल, दुपारी ४
निर्णय. इल्वाला इतक्यात सांगायचं नाही. पहिल्यापासून ज्या पद्धतीने मोजत आलो ती शेवटच्या टप्प्यावर बदलणं बरोबर नाही. एक गोल आला की विषयच संपतो.

२० एप्रिल
हारमेनने बोलावलं. करार वाढवणार नाहीत. दहा मेच्या शेवटच्या मॅचला तुला पंधरा मिनिटं देतो, लोकांना तुला निरोप देता येईल, म्हणाला. मग म्हणाला, खरं सांगू का, वीबेला तू घडवलंस, पुढच्या वर्षी इथे राहून शिकवणार असशील तर बोलू. मी म्हटलं, माझ्यात अजून दोन वर्षं आहेत. पंधरा मिनिटांत एक गोल सहज होतो.

१० मे, संध्याकाळी ७
झाला.

इल्वा आणि टुवा स्टँडमध्ये होत्या. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उतरलो. आम्ही दोन-शून्यने मागे. शहाऐंशीव्या मिनिटाला डावीकडून चेंडू आला, डोक्याच्या उंचीवर. वीबेला तो सहज डोक्याने घेता आला असता. त्याने घेतला नाही, खाली वाकला. मी गोलकीपरकडे बघितलं नाही. चेंडू जमिनीला टेकायच्या आत उजव्या पायाने मारला. लागला तेव्हाच कळलं. गुडघा दुखला नाही, काहीच दुखलं नाही. अकरा वर्षांत केलेल्या गोलांमध्ये पहिल्या तीनांत बसेल.

दोन्ही हात वर करून स्टँडकडे धावलो. लोक उभे होते. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला आणि पॉप्के आजोबांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द. गोल, टॉर्केल वेनरदाल. कारकिर्दीतला दोनशे नववा.

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. टुवा उड्या मारत होती. इल्वा खाली बसली होती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

मॅच दोन-एक हरलो. निरोपाला फुलं आणि चाकासारखं गोल, मोठं चीज मिळालं. ते मांडीवर घेऊन गाडीत बसलो. इल्वाने चालवली.

ती म्हणाली, नऊ जास्त आहेत. मी म्हटलं, डेन्मार्क. ती म्हणाली, तेच वाटलं. मागे टुवाने विचारलं, डेन्मार्क म्हणजे मी झाले ते ना? मी हो म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर इल्वाने विचारलं, मग दोनशेवा कधी झाला? खोटं सांगायचा विचार केला, पण आजोबा प्रत्येक कार्डावर तारीख घालतात. म्हटलं, गेल्याच्या गेल्या सीझनच्या ऑक्टोबरात.

ती म्हणाली, मी हॉस्पिटलला नकार कळवला तो डिसेंबरात.

मग विचारलं, तुला कधी कळलं? आठ एप्रिल, म्हटलं. तिने मान हलवली, इंडिकेटर दिला आणि वळली. चिडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. चांगली उत्तरं होती.

११ मे
एकूण: २०९. ज्याच्यासाठी लिहायचं तो आकडा मागेच राहिला. आज दुसरं काही लिहायला नाही.

२८ मे, सकाळी ९
इल्वा आणि टुवा निघाल्या. घर सोडायचं काम माझ्याकडे. इल्वाने यादी दिली आहे, पडदे धुण्यापासून किल्ली परत देण्यापर्यंत. मी कधी पोचायचं ते यादीत नाही. विचारलं तर म्हणाली, ते तू ठरव, आत्तापर्यंत तूच ठरवत आलास ना. टुवाने खिडकीतून हात हलवला. मीही हलवला, गाडी पुलापलीकडे गेली तरी.

४ जून, दुपारी २.१५
माझा एजंट सिक्स्टेन याचा फोन. फेरो बेटांवर एक क्लब आहे, जुलैपासून एका सीझनसाठी फॉरवर्ड हवा आहे. हवामान तुला सवयीचं, डिफेंडर तुझ्याहून म्हातारे, वर्षाला वीस गोल कुठे जात नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, इल्वाशी बोलून सांगतो.

ओस्टरसुंदच्या घरी फोन लावला. टुवाने उचलला. म्हणाली, आई कामावर आहे, बाबा, एक आजोबा आहेत, ते आज स्वतःचं नाव म्हणणारेत. मग म्हणाली, निरोप काय सांगू?

टुवा थांबली होती.

म्हटलं, सांग, पडदे काढून धुवायला टाकलेत.