उभ्या झाडांचा मांडव

सालवड,
६ मार्च १९८४

ती. देवूकाकांस,
जिवल्याचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. कारखान्यात काम नीट चालले आहे. फक्त पाणी पिताना गाव आठवते. इथल्या विहिरीला वास येतो. खोलीतले सोबती हिंदीत चेष्टा करतात, की याला बायको नको, गावचा झरा पाहिजे.

लाडकीच्या बापाचा निरोप आला. हिरव्या खांबांचा मांडव नसेल तर मुलगी देणार नाही म्हणतो. माळावर एकही सरळ झाड उरलेले नाही, म्हणून मंगळ्यादादा हिरवादेवाच्या डोंगरावरून खांब तोडणार असे ऐकले. काका, तसे होऊ देऊ नका. तिथली वाळकी काटकीही आपण खाली आणत नाही, म्हणून तर भर वैशाखात वर गारवा असतो आणि झरा वाहतो. आज माझ्यासाठी तोडले, तर उद्या दुसऱ्याला नाही कसे म्हणाल? लाडकी मला हवी आहे. पण घरी आणून तिला पाणी कुठले पाजू?

मुकादमाकडे लोखंडी पाइप मागितले आहेत. हिरवा रंग देऊन आणू का?

माया असू द्या.
तुमचा जिवल्या

देवपाडा,
१४ मार्च १९८४

चि. जिवल्यास देवूकाकाचे आशीर्वाद.

काका सांगतात, मी सोमी लिहिते. तुझे पाइप ऐकून नवसी धवलेरीला हसून ठसका लागला. लग्न तीच लावणार. म्हणाली, लोखंडाला पालवी फुटली की मला बोलवा.

मंगळ्या कुऱ्हाड घेऊन गेला होता. पायथ्याशी चप्पल काढली आणि तिथेच बसून राहिला. परत येऊन म्हणाला, हात नाय चालला.

मग नवसीच म्हणाली, वरचं खाली आणायचं नाय, पण लग्न वर न्यायला कोणी मना केलंय? झऱ्याजवळची उभी झाडं हाच मांडव. लाडकीचा बाप स्वतः वर आला, बुंध्यांवर हात फिरवून बघितला. म्हणाला, मी हिरवे खांब मागितले होते, तोडलेले नाय.

आता काळजी सोड आणि वेळेवर ये.
काका

सालवड,
२२ मार्च १९८४

ती. काकांस शि. सा. न.

पत्र दोनदा वाचले. रजा मिळाली, मुकादमाने दिलेले पाइप परत केले. सोबती येणार आहेत. चप्पल पायथ्याशी काढायची आणि रिकाम्या हाताने उतरायचे, हे त्यांना आताच बजावले आहे. जेवणाच्या चुली खालीच मांडाव्यात, वर धूर नको.

एकच शंका आहे. वरचे काही खाली आणायचे नाही. मग लग्न लागल्यावर लाडकीला खाली आणायला हरकत नाही ना? तेवढे धवलेरीला विचारून कळवावे.

तुमच्या मायेतला,
जिवल्या