माझ्या जागेवरचं टेबल

४ जून
मणक्याच्या गादीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. पायातली कळ जशीच्या तशी. डॉक्टर आता म्हणतात, पाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या. मग ऑपरेशन काय हौस म्हणून केलं होतं? भयंकर संतापलो. मनातल्या मनात. ओरडलं की कळ येते.
तोवर माझा फर्निचरचा कारखाना लेकीच्या हातात. बुडणार. नक्की बुडणार.

९ जून
कारखान्यात फोन. लेक म्हणाली, बाबा, सगळं वेळेवर चाललंय, आराम करा. लपवतेय! आमच्याकडे सगळं वेळेवर कधी चाललंय?

१२ जून, दुपारी
इंजेक्शन झालं. आधीच बजावलं होतं, मला सुईची भीती नाही. नर्स म्हणाली, काका, अजून टोचलेलं नाही, माझा हात सोडा.
तासाभरात कळ गायब! डॉक्टर म्हणे, हा बधिर करायच्या औषधाचा गुण, रात्री उतरेल. स्टेरॉइडला काही दिवस लागतात, वजन उचलू नका. पेशंट बरा झालेला या लोकांना बघवत नाही. बायकोनेही त्यांचीच री ओढली.

१२ जून, संध्याकाळी
बायको औषधं आणायला गेली, मी टॅक्सीने थेट कारखान्यात. बघतो तर खिडकीपाशी, माझ्या जागेवर, हे भलंमोठं टेबल! पाय इतके उंच, की जेवायला जिराफ बसवावा. ऑर्डर कुणाची विचारलं, तर कारागीर एकमेकांची तोंडं बघतात. लेक बाहेर गेलेली. तीन महिन्यांत माझी जागा गिळली? डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, व्हा बाजूला! एकट्याने उचललं.
उचललं होतं, हे खरं.

१३ जून
आडवा पडून लिहितोय. कळ कमरेपासून अंगठ्यापर्यंत. बायको बोलत नाही, भांडी आपटते. लाकूड फाजील जड वापरलं होतं. चूक त्यांची.

१४ जून
डॉक्टरांनी झाप झाप झापलं, वर कमरेला हा रुंद पट्टा आवळला. म्हणे, औषधाला कामाला लागू तरी द्यायचं. उलट मीच इंजेक्शनच्या दर्जाबद्दल विचारणार होतो. बायकोने मध्येच उठवलं.

२६ जून
कळ बरीच कमी. डॉक्टर श्रेय स्टेरॉइडला देतात. माझ्या जिद्दीचं नाव नाही!
लेक कारखान्यात घेऊन गेली. एकही ऑर्डर रखडलेली नाही. चीड आली. टेबल तिथेच. लेक म्हणाली, बाबा, तुमचंच आहे, वाकायला नको म्हणून. आईने तुम्ही झोपलेले असताना टाचेपासून कोपरापर्यंत माप घेतलं.
उभा राहिलो. कोपर बरोबर टेकलं. टेबलावरून तीनदा हात फिरवला. चूक शोधत होतो.
मग दिसलं, कोपऱ्याचा टवका उडालाय. ओरडलो, कुठल्या गाढवाने आपटलं हे?
सगळे माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होते.