देवाला सोडलेलं कोकरू

रवि. २४ नोव्हें.
हंगामाचा सण पार पडला. ऊस, मक्याची कणसं, कोंबड्या, भोपळे. चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लिलावात एकच भोपळा सगळ्यांनी विकत घेतला. घ्यायचा, ‘प्रभूला परत’ म्हणायचं नि पुन्हा टेबलावर ठेवायचा. शेवटी माझ्याच गळ्यात पडला. आता आठवडाभर भोपळा.
पिशोरकडून भागाबाई आली होती, काखेत कोकरू घेऊन. धनगराची बाई, आपल्या मंडळीतली नाही. पावसाळ्यात तिचा नातू दवाखान्यात होता, तेव्हा त्याच्या खाटेपाशी मी प्रार्थना केली होती. पोरगं उठलं. म्हणाली, “सिस्टरबाई, तुमच्या देवाला बोलले व्हते. हे आता त्याचं.” बस चुकेल म्हणून लिलावाआधीच गेली.
कोकराच्या कपाळावर हळद फासलेली. पाळकसाहेबांनी पाहिली असती तर तिथंच उपदेश सुरू! मी पदराने पुसून टाकली.
लिलावात ते मंडळीतल्या शांतवनभाऊने घेतलं. मुलीच्या लग्नाला मटण. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

गुरु. २८
भागाबाईचा फोन. “माझं कोकरू बरं हाय ना? देवाच्या अंगनात चरतंय ना?”
मी हो म्हटलं.
“आमच्यात देवाला सोडलं की कपाळाला भंडारा लावत्यात. मंग त्याला कोनी सुरी लावीत नाय. मरंस्तोवर हिंडतं. नाताळात नातवाला घिऊन येते, त्याला दावायला.”
भंडारा म्हणजे तीच हळद. मी पुसलेली.
“ये,” म्हटलं. “मजेत आहे.” काय बोलून बसले मी.

रवि. १ डिसें.
रविवारच्या शाळेत हरवलेल्या मेंढराची गोष्ट. वर्षानुवर्षं हीच गोष्ट, हाच पुठ्ठा, हाच कापूस. मुलं कापूस चिकटवून कोकरं करतात. आज एकीने डोळे काढले, मोठे, काळे. मला बघवेना.
गीत चालू असताना पेटीच्या सुरात बेंऽऽ ऐकू आलं. मागे वळून पाहिलं, कोणी नाही. घरी आल्यावर नळ सोडला, त्यातही तेच.

बुध. ४
पाळकसाहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. “बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका. प्रभूनेही वल्हांडणाच्या सणाचं कोकरू खाल्लंच की.”
खाल्लं असेल. मीही जन्मभर खाल्लंय, नाताळात चाटूनपुसून. पण कोणी त्याच्या हवाली केलेलं खाल्लं का त्यानं? हे विचारायचं राहिलं. चहा पिऊन आले.

सोम. ९
ती साडी अखेर धुवायला काढली. हळदीच्या डागाला साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळद साबणाने लाल होते हे काय मला ठाऊक नाही? जन्म गेला स्वयंपाकात. तरी बादली तशीच सोडून ओट्यावर जाऊन बसले. भीती वाटली, खरंच भीती वाटली.

गुरु. १२
शांतवनभाऊच्या घरी जाऊन आले. दारात मांडव चढतोय. कोकरू मागच्या खांबाला, चांगलं भरलंय. माझ्याकडे बघून ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.
त्याला भागाबाईचं सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. डोकं खाजवत म्हणाला, “सिस्टर, आचाऱ्याला सांगून ठेवलंय, पाव्हनेबी लई. पन तुम्हाला हेच पायजे ना? मंग बदल्यात दुसरं आनून द्या. मेंढरूच हाय, त्यात काय एवढं?”
खरंच, त्यात काय एवढं! येताना रिक्षात मोठ्यानं प्रभूची स्तुती केली. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे. कितीतरी दिवसांनी दोन घास गोड लागले.

रवि. १५
उपासना चुकवून लासूरच्या बाजाराला गेले. चुकवली त्याचं वाईट वाटत नाही. शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या दिवशी, खड्ड्यात पडलेलं मेंढरू काढायचं की नाही, हे प्रभूनंच विचारलं होतं ना.
बाजारात नुसती मेंढरं नि धूळ. विकणाऱ्याने एक पुढे केलं. “घ्या बाई, गरीब हाय, आईमागं असतंय निस्तं.” आई शेजारीच बांधलेली. मी पैसे दिले. टेम्पोत चढवताना आई दोर तोडायला बघत होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मागे वळले नाही.
वाटेत हळूहळू कळत गेलं मी काय केलं ते. आगीतून फुफाट्यात.
अंगणात बांधलंय. पाणी दिलं तर पाणी सोडून माझं बोट चोखू लागलं. त्याच्या कपाळाला कोणी काही लावलेलं नाही. याला कोणी कुठल्या देवाला बोललेलं नाही, याच्यासाठी कुणाचा फोन येणार नाही.

सोम. १६
उजाडलं. शांतवनभाऊ सकाळीच येणार, ते देऊन हे न्यायला. उद्या लग्न.
प्रार्थनेला बसले. ‘तो माझ्याऐवजी मेला’. किती वेळा गायलंय मी हे, टाळ्यांच्या ठेक्यावर, डोळे मिटून. त्या ‘ऐवजी’ला तोंड असतं हे आज कळलं. ते बोट चोखतं. प्रभू, तुझी आईसुद्धा तिथंच क्रुसापाशी उभी होती ना.
दोन्ही ठेवून घ्यावीत तर शांतवनभाऊने लग्नात काय वाढायचं? तो तिसरं आणेल. तेही कुणाच्या तरी मागंमागंच असणार. हे दिलं नाही तर भागाबाईला काय तोंड दाखवू, तिच्या नातवाला काय सांगू? बुद्धी चालत नाही. उत्तर दे म्हटलं, तर अंगणातलं तेवढं ओरडलं.
फाटकाशी गाडी थांबली. “सिस्टर, उघडा, घाई हाय!” गाडीतलं कोकरू ओरडलं. आतलं त्याला उत्तर देतंय. मी अजून उठलेले नाही.