सर्वानुमते

बाबा, त्या छोट्या स्टेशनावर तुम्ही मास्तर होतात आणि सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची, त्यातला एक दिवस सारखा आठवतोय. तुम्ही मालगाडीला झेंडी दाखवायला बाहेर गेलात आणि मी टेबलावरच्या रजिस्टरात दुपारच्या पॅसेंजरची वेळ लिहून टाकली, थेट तुमच्यासारख्या अक्षरात. ती रोज त्याच वेळेला यायची. नेमकी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! अगं, गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वेळ लिहायची नसते," एवढंच तुम्ही म्हणालात. माझ्या आकड्यांवर रेघ ओढून शेजारी सही केलीत. पुढे वरून खुलासा मागितला, तेव्हा 'माझी चूक' असं लिहून दिलंत.

आता इकडे हिंदी मुलखातल्या विद्यापीठात व्यवस्थापन परिषदेच्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते. ते बैठकीच्या आदल्या दिवशीच तयार असतं. काय ठरवायचं ते कुलगुरूंच्या खोलीत आधीच ठरलेलं असतं; बाकीचे येतात, कचोरी खातात, हजेरीवर सही करतात. मी प्रत्येक ठरावाखाली 'सर्वसम्मति से पारित' टाइप करून ठेवते. इतक्या वर्षांत कधी बिघडलं नाही. परवा बिघडलं. संध्याकाळचे वर्ग बंद करायचा ठराव होता. दिवसा नोकरी करणाऱ्या मुली तिथे शिकतात. एक वयस्क प्राध्यापिका एकट्याच उठल्या. "मेरा विरोध दर्ज कीजिए." बैठक संपल्यावर कुलगुरू मला म्हणाले, "अब एक लाइन के लिए क्या बदलना, मैडम? जो टाइप है, वही रहने दीजिए." मी लगेच 'जी सर' म्हणाले. त्यांच्यापेक्षा त्या 'जी सर'चाच मला जास्त राग येतो.

आज राजा पार्कच्या बाजारात भाजी घेताना त्या प्राध्यापिका भेटल्या. "मेरी बात लिख दी ना? उसी एक लाइन के भरोसे लड़कियाँ कोर्ट जाएँगी. आप हैं, तो मुझे चिंता नहीं." मी हसून म्हणाले, "हाँ जी, लिख दी." मेथीची जुडी हातात तशीच राहिली. घरी कुणाला सांगू? लेकाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "आई, मतलब, तुला काय करायचंय? सर बोलले ना."

इतिवृत्त उद्या सगळ्यांना जायचं आहे. जुनंच, सर्वानुमते. तुमच्यापासून काय लपवू, काल मी ते पान बदललं होतं. त्यांचा विरोध नावानिशी टाइप केला, पान छापलं आणि फायलीत लावायचं सोडून पर्समध्ये घालून घरी आणलं. हे पत्र मी त्याच पानाच्या पाठीवर लिहितेय. आता ते फायलीला लावता येणार नाही. दुसरं छापायला एक मिनिट लागतं, हेही मला माहीत आहे.