नाकाने तपासलेले जोड

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोटीचे डिझेलचे पाइप एकदाचे बदलले. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळे. जुने हातातच मोडत होते. जोडांतले तांब्याचे वॉशर मात्र धडधाकट दिसले, तेच बसवले. जावई म्हणाले, प्रत्येक जोडाखाली कागद धरून बघा. मी म्हटलं, आमच्या बाबांनी उभा जन्म नाकाने गळती पकडली. एकेका जोडाला नाक लावलं, वासाचं नाव नाही. रविवारी नातीला फिरवून आणणार आहे.

तुझी भावजय हल्ली फार कुरकुरते. परवा दूध करपलं तेव्हा मी शेजारीच पेपर वाचत होतो, म्हणून माझ्यावर तोंडसुख घेतलं. मी तापातून उठल्यापासून तिच्या हाताची चवही गेली आहे, पण बोलायची सोय नाही. आणि तू पाठवलेल्या साबणाला वासच नाही. दुकानदाराने तुला टोपी घातली.

कान धरायचा हक्क तुझाच, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे शेजाऱ्यांच्या हाती देते आहे. ते उद्या तिकडे पोचतील.

तो साबण ठेवलेलं माझं कपाट अजून घमघमतं आहे. अरे शहाण्या, साबण खरा आहे आणि भावजयीचा हातही तसाच आहे. तापाने तुझं नाक नेलं, आणि त्याच नाकाने तू जोड पास केलेस. तापल्या इंजिनावर डिझेल गळलं तर काय होतं, ते बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. पोरीला बोटीत पाऊल टाकू देऊ नकोस. आधी कागद धर. माझ्यावर रुसायला आयुष्य पडलं आहे.

घाईत लिहिलं, मायेत कमी नाही.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा आम्ही नुकतेच धक्क्याला लागलो होतो. नातीला दम निघेना, म्हणून शनिवारीच गेलो. वाटेत ती दोनदा म्हणाली, आजोबा, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, पाण्याचा असेल.

मग कागद धरला. तीन जोडांखाली तो भिजून निघाला. इंजिनाखाली डिझेल साचलं होतं, आणि वरच्या झाकणावर पोर बसली होती. आज जावयांनी नवे वॉशर बसवून प्रत्येक जोड कागदाने तपासला. मी नुसता बॅटरीचा उजेड धरून उभा होतो.

काल घरी येऊन तिला कितीतरी वेळ कुशीत घेऊन बसलो. तुझी भावजय म्हणाली, पोरीच्या केसांना डिझेलचा केवढा वास मारतोय. माझं नाक तेव्हा तिच्या केसांतच होतं.

रागाव हवी तेवढी, पण लिहीत जा.

तुझा,
धाकटा