निळ्या कागदावरचा हात

१५ ऑक्टोबर १९९४
प्रयोगशाळेच्या पाहुण्यांच्या बंगल्यात आठवडाभर कोणाशी धड बोलले नाही. काल स्वतःशीच मोठ्याने बोलताना नोकराने पकडलं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून ही वही.

आज दुर्गाघाटावर खोली मिळाली. मन प्रसन्न आहे. खिडकीतून गंगा दिसते. घरमालकीण प्रेमलाकाकू विधवा, बोलक्या. मराठीला हिंदीची फोडणी. या वयात नागपूर सोडून इतक्या दूर कशाला आलात, असं त्यांनी दारातच विचारलं. काम आहे, म्हटलं.

१९ ऑक्टोबर
प्रयोगशाळा लहान, पण स्वच्छ. सहकारी नीरजा हुशार आहे, बडबड कमी करते. आमचं संयुग लोखंड आणि ऑक्झलेटचं, पाचूसारखं हिरवं. उजेड लागला की मोडतं, म्हणून लाल दिव्यात काम करायचं. कागदाला त्याचा लेप द्यायचा, वर हात ठेवायचा, मोठा दिवा लावायचा. मग कागद द्रावणात बुडवला की उजेड पडलेला भाग निळा होतो, हाताखालचा पांढरा राहतो. लेप नीट बसला की नाही, हे पाहायची माझी जुनी पद्धत. आज माझा हात लख्ख पांढरा उमटला.

२० ऑक्टोबर
इकडचा कार्तिक लागला; आपल्याकडे तो दिवाळीनंतर. घाटावर उंच बांबूंना टोपल्या टांगून त्यांत दिवे लावतात. आकाशदीप. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. काकू त्यांच्या यजमानांच्या, वासुदेवकाकांच्या नावाचा लावून आल्या. तुमचं मागे कोण, असं विचारत राहिल्या. कोणी नाही, म्हटलं. एकदम अकेल्या? हो. मग मी चिडून म्हटलं, मी गेल्यावर दिवा लावायलाही कोणी नाही, आत्ताच लावून टाका! काकू हसल्या नाहीत. नाव माहीत होतंच, गोत्र तेवढं विचारून घेतलं.

२८ ऑक्टोबर
लेपात दोष आहे. माझा हात फिकट निळा उमटतो. तोच लेप, तोच दिवा. नीरजाचा मात्र पांढराशुभ्र. तिने मला हात धुऊन या म्हटलं. धुतले. पुन्हा निळा.

३ नोव्हेंबर
दिवाळी. गल्लीत दोघे मला धडकले आणि माफीही न मागता पुढे गेले. सुट्टी असूनही आम्ही दोघी प्रयोगशाळेत. नीरजाच्या शेजारी बराच वेळ उभी होते. खोकले तेव्हा ती दचकली. ताई, तुम्ही कधी आलात, म्हणाली. मी तिला कामात लक्ष द्यायला सांगितलं. आवाज चढवावा लागला.

८ नोव्हेंबर
आज कागदावर बोटं नाहीत. तळव्याची पुसट कड फक्त. ताजं संयुग केलं, दिवा बदलला. तेच. उजेड माझ्यातून पार जातो आहे. दुसरं स्पष्टीकरण उरलेलं नाही.

१० नोव्हेंबर
काकूंनी आज दोन ताटं वाढली, एक उचलून ठेवलं. मी समोर बसले होते. खांदा धरून हलवलं तेव्हा पाहिलं त्यांनी. मग मायेने म्हणाल्या, फिकीर करू नका, तुमचा दिवा रोज लागतो, मी स्वतः घाटावर सांगून आले. अकेलं माणूस, म्हटलं पुण्य लागेल.

मी जिवंत आहे, असं ओरडले. उतरवा तो. काकू म्हणाल्या, पौर्णिमेआधी उतरवत नाहीत, बाई. अशुभ असतं.
मग इकडेतिकडे पाहू लागल्या. कोणाशी बोलत होते मी, असं पुटपुटल्या.

१३ नोव्हेंबर
घाटावर गेले. दिवेवाल्याला हाका मारल्या. तो विडी ओढत राहिला. माझी टोपली कोणती कळेना, म्हणून सगळ्या उतरवायला निघाले. दोर हातात येतो, पण ओढला जात नाही—

१६ नोव्हेंबर
भूक नाही. नीरजाने माझं टेबल आवरलं. रडत नव्हती. प्रभावतीताई कडक होत्या, असं शिपायाला सांगत होती. होत्या—

१८ नोव्हेंबर, पौर्णिमा
कामाचं माणूस सगळं हवाली केल्याशिवाय जात नाही.
संयुगाची काळी बाटली: नीरजाच्या कपाटात ठेवली.
प्रयोगशाळेची किल्ली: तिच्या हातात दिली. तिने खाली पडलेली उचलली.
खोली: प्रेमलाकाकूंना. आत्ता कंदील घेऊन आल्यात, माझी चादर घडी करताहेत. मी तिच्यावरच बसले—
वही: कोणाला—
त्यांनी कंदील माझ्या मागे ठेवला. पानावर सावली नाही. लिहिते आहे त्या हातातून आरपार खालची अक्षरं मला वाचता ये